फिटर, गवंडी, शेतकरी आणि हौशी शर्यत

२३ मार्च १८६६, शुक्रवार. लंडनच्या पश्चिम भागातल्या वॉलहॅम ग्रीन इथे बोफर्ट हाउसच्या मैदानावर तरुणांची गर्दी जमली होती. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांची थेम्स नदीवरची प्रसिद्ध बोटींची शर्यत दुसऱ्या दिवशी होती, त्यामुळे दोन्हीकडचे विद्यार्थी आणि त्यांचे पाठीराखे शहरात आलेलेच होते. हा मुहूर्त साधून ‘अमॅच्युअर ॲथलेटिक क्लब’ या नव्या संस्थेने इंग्लंडमधली पहिली हौशी मैदानी अजिंक्यपद स्पर्धा भरवली.

कार्यक्रमपत्रिकेत बारा प्रकार होते. १०० यार्ड, पाव मैल, अर्धा मैल, एक मैल आणि चार मैल धावणे. १२० यार्डांची अडथळ्यांची शर्यत. उंच उडी, लांब उडी आणि बांबूउडी. गोळाफेक आणि हातोडाफेक. आणि शेवटी सात मैल चालण्याची शर्यत. एक मैलाची शर्यत चार्ल्स लॉज याने ४ मिनिटे ३९ सेकंदांत जिंकली. हा केंब्रिजचा नामांकित वल्हेकरी, पुढे शिल्पकार झाला. अर्ध्या मैलात २ मिनिटे ५ सेकंदांनी पहिला आलेला पर्सी थॉर्नटन पुढे पार्लमेंटचा सभासद झाला. उंच उडीत लिटल आणि रूपेल हे दोघे ५ फूट ९ इंचांवर बरोबरीत राहिले. क्लब उभारण्यात पुढाकार घेणारा केंब्रिजचाच जॉन चेंबर्स सात मैल चालण्यात स्वतःच अजिंक्य ठरला; त्याला ५९ मिनिटे ३२ सेकंद लागले.

ही नावे आणि वेळा नोंदवहीत राहिल्या. त्या दशकातली आणखी एक नोंद मात्र खेळाच्या इतिहासावर जास्त खोल उमटली, आणि ती होती हौशी खेळाडूची व्याख्या. पैशासाठी खेळलेला, व्यावसायिकाशी बक्षिसासाठी लढलेला किंवा पोटासाठी व्यायाम शिकवणारा माणूस हौशी नव्हे, इथपर्यंत ती समजण्यासारखी होती. पण तिला लवकरच एक कलम जोडले गेले: यंत्रावर काम करणारा, हस्तकारागीर किंवा मजूर हाही हौशी मानला जाणार नाही. त्याने आयुष्यात कधी एक पैसाही बक्षीस घेतले नसले तरी त्याचा अर्ज नाकारला जाणार होता. त्याचा दोष एवढाच की तो हाताने काम करून जगत होता.

या कलमाचा आवाका समजून घ्यायचा तर इंदूरच्या उत्तरेला, सांवेरमार्गे उज्जैनकडे जाणाऱ्या रस्त्यावर नजर टाकावी. सांवेर रोडच्या औद्योगिक वसाहतीत औषधे बनतात, खाद्यपदार्थ बनतात, प्लास्टिकच्या वस्तू आणि यंत्रांचे सुटे भाग बनतात. तिथला लेथवरचा टर्नर, दुरुस्ती करणारा फिटर, वेल्डर, पॅकिंगच्या पट्ट्यावर उभा राहणारा कामगार, ट्रकमध्ये खोकी चढवणारा हमाल हे सगळे त्या तीन शब्दांत बसतात. तो नियम आज लागू असता तर पाळी संपवून बाहेर पडणाऱ्या या गर्दीतून शर्यतीच्या रेषेपर्यंत क्वचितच कोणी पोहोचला असता.

नियम करणाऱ्यांकडे त्यांची कारणे होती, आणि ती सगळी पोकळ नव्हती. त्या काळी इंग्लंडमध्ये पैशाच्या शर्यती फार लोकप्रिय होत्या. खानावळींचे मालक मैदाने चालवत, तिकिटे विकत, आणि निकालावर मोठ्या रकमा लागत. पैजेपायी धावणारा मुद्दाम हरे, खोट्या नावाने उतरे. हा रोग किती पुढे गेला होता ते सप्टेंबर १८८७ मध्ये लंडनच्या लिली ब्रिज मैदानावर दिसले. हॅरी हचेन्स आणि हॅरी जेंट या त्या वेळच्या दोन सर्वांत वेगवान व्यावसायिक धावपटूंची लढत पैजवाल्यांच्या कारस्थानामुळे झालीच नाही. तिकीट काढून आलेला जमाव खवळला, त्याने मैदानाची मोडतोड करून आग लावली.

पण जुगाराचा बंदोबस्त करायला जुगाऱ्यांना रोखणे पुरेसे होते. लोहाराला आणि सुताराला बाहेर ठेवण्याची गरज नव्हती. विद्यापीठातल्या तरुणांना मनातून दुसरीच भीती होती. दिवसभर घण मारणाऱ्या माणसाचे खांदे आणि ओझी वाहणाऱ्याचे पाय व्यायामाने कमावलेल्या शरीराला भारी पडतील, आणि सभ्य गृहस्थाला आपल्या नोकराच्या बरोबरीने उभे राहून हरावे लागेल, ही ती भीती.

त्याच इंग्लंडमध्ये दुसरा विचारही जिवंत होता. श्रॉपशर परगण्यातल्या मच वेनलॉक या लहानशा गावात डॉ. विल्यम पेनी ब्रूक्स यांनी १८५० पासून दरवर्षी खेळांचा मेळा भरवला. गावातल्या, विशेषतः कष्टकरी वर्गातल्या माणसांचे शरीर आणि मन सुधारावे हा त्यांचा उघड हेतू होता. पुढे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशव्यापी संघटना उभारली आणि १८६६ च्याच उन्हाळ्यात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मोठा मेळा घेतला. तिथे ४४० यार्डांची अडथळ्यांची शर्यत जिंकली ती नुकतीच अठरा वर्षे पूर्ण केलेल्या एका क्रिकेटपटूने. ओव्हलवर सरे संघाविरुद्ध त्याने नाबाद २२४ धावा केल्या होत्या, आणि सामना चालू असतानाच कप्तानाने त्याला धावायला जाण्याची मुभा दिली होती. त्याचे नाव डब्ल्यू. जी. ग्रेस. आधुनिक ऑलिंपिकचे प्रवर्तक पिएर द कूबेर्तँ १८९० मध्ये ब्रूक्सना भेटायला वेनलॉकला गेले, ते या कामामुळेच.

अखेर बदल झाला तो ऑक्सफर्डच्या तिघा तरुणांमुळे. क्लेमंट जॅक्सन, माँटेग्यू शेरमन आणि बर्नहार्ड वाइज यांनी २४ एप्रिल १८८० रोजी तिथल्या रँडॉल्फ हॉटेलात देशभरच्या क्लबांचे प्रतिनिधी बोलावले आणि ‘अमॅच्युअर ॲथलेटिक असोसिएशन’ स्थापन केली. पैशासाठी न धावण्याची अट कायम राहिली, धंद्यावरून माणूस वगळणे मात्र थांबले. नव्या संस्थेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा ३ जुलै १८८० रोजी लिली ब्रिजवरच झाली. एक मैलात पहिला आला वॉल्टर जॉर्ज. तो औषधाच्या दुकानात उमेदवारी करणारा मुलगा होता.

या वॉल्टर जॉर्जची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. सकाळी सातला दुकान उघडायचे आणि रात्री नऊपर्यंत उभे राहायचे, असा त्याचा दिवस. मैदानावर जायला वेळ उरत नसे. मग त्याने जागच्या जागी धावण्याचा एक व्यायाम बसवला. जमिनीवर दोन समांतर रेषा आखायच्या, त्यांवर उभे राहून आळीपाळीने एकेक गुडघा कमरेपर्यंत उचलायचा आणि पाय पुन्हा त्याच रेषेवर टेकवायचा. असे शंभर वेळा. पुढे ‘हंड्रेड-अप’ या नावाने तो प्रसिद्ध झाला. हौशी शर्यतींत जिंकण्यासारखे काही उरले नाही तेव्हा जॉर्जने स्कॉटलंडच्या विल्यम कमिंग्ज या व्यावसायिकाशी लढण्यासाठी हौशी दर्जा सोडला. २३ ऑगस्ट १८८६ रोजी लिली ब्रिजवर त्याने एक मैल ४ मिनिटे १२.७५ सेकंदांत संपवला. जगात कोणाला यापेक्षा वेगाने मैल धावायला १९१५ साल उजाडावे लागले. शरीराची घडण विद्यापीठात झाली की दुकानात, याने घड्याळाला काही फरक पडत नाही, हे या औषधाच्या दुकानातल्या पोराने दाखवून दिले.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या या स्पर्धांनी जगाला आणखी एक गोष्ट दिली, आणि ती आजही आपल्या रोजच्या पाहण्यातली आहे. ती म्हणजे मापे. फर्लांग म्हणजे २२० यार्ड, आणि आठ फर्लांगांचा एक मैल. दोन फर्लांगांची शर्यत ४४० यार्डांची, चार फर्लांगांची ८८०. युरोपने मीटर स्वीकारला तेव्हा ही अंतरे जवळच्या पूर्णांकाला आणून बसवली गेली: २२० यार्डांचे २०० मीटर, ४४० चे ४००, ८८० चे ८००. शर्यती बदलल्या नाहीत, फक्त अंतर किंचित कमी झाले. अर्धा मैल ८०४.६७ मीटर भरतो, म्हणजे आजचा ८०० मीटर धावणारा त्या काळच्या धावपटूपेक्षा पाचएक मीटर कमी धावतो.

अडथळ्यांच्या शर्यतीत तर मूळ आकडे जसेच्या तसे राहिले. पुरुषांच्या ११० मीटर शर्यतीत पहिला अडथळा १३.७२ मीटरवर असतो आणि पुढचे ९.१४ मीटर अंतराने. असे विचित्र अपूर्णांक कोणी मुद्दाम कशाला ठरवील? ते अनुक्रमे १५ आणि १० यार्ड आहेत. अडथळ्याची १.०६७ मीटर उंची म्हणजे साडेतीन फूट. गोळाफेकीचे २.१३५ मीटर व्यासाचे वर्तुळ म्हणजे सात फूट. आणि पुरुषांच्या गोळ्याचे ७.२६ किलो वजन म्हणजे बरोबर १६ पौंड.

हा १६ पौंडांचा गोळा सांवेर रोडच्या आसपास राहणाऱ्या कित्येक मुलांच्या ओळखीचा असेल. मध्य प्रदेशात पोलीस शिपाई भरतीच्या शारीरिक परीक्षेत ८०० मीटर धावणे, लांब उडी आणि गोळाफेक असते, आणि पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचाच. महाराष्ट्राच्या पोलीस भरतीतही १०० मीटर, १६०० मीटर आणि हाच गोळा. १६०० मीटर म्हणजे नऊ मीटर कमी एक मैल. नोकरीसाठी पहाटे उठून सराव करणारा कामगाराचा मुलगा ज्या मापांशी झुंजतो, ती लंडनच्या त्या मैदानांवर पक्की झालेली आहेत, जिथे एके काळी त्याच्या बापाला प्रवेश मिळाला नसता.

हिंदुस्थानात हे खेळ आले छावण्यांमधून, मिशनच्या शाळा-कॉलेजांमधून आणि जिमखान्यांमधून. कोलकात्यात जन्मलेला नॉर्मन प्रिचर्ड १८९४ पासून सलग सात वर्षे १०० यार्डांत बंगालचा अजिंक्य होता. १९०० च्या जुलैमध्ये लंडनला झालेल्या असोसिएशनच्या स्पर्धेत १२० यार्ड अडथळ्यांत तो अमेरिकेच्या ॲल्विन क्रेंझलाइनच्या मागोमाग दुसरा आला. त्याच महिन्यात पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने २०० मीटर आणि २०० मीटर अडथळे यांत रौप्यपदके मिळवली. व्हिक्टोरियाच्या हयातीत या मातीतला एक धावपटू तिथवर पोहोचला होता. पण तो इंग्रज घराण्यातला होता आणि सेंट झेवियर्समध्ये शिकलेला होता.

शेतातल्या पायांची पाळी यायला आणखी वीस वर्षे लागली, आणि ती पुण्यात आली.

डेक्कन जिमखाना १९०६ मध्ये सुरू झाला. बाळकृष्ण नारायण ऊर्फ बंडोपंत भाजेकर हे त्याचे संस्थापक, आणि पहिले अध्यक्ष सर दोराबजी टाटा. १८५९ साली जन्मलेल्या दोराबजींनी १८७७ ते १८७९ ही दोन वर्षे केंब्रिजच्या गॉन्व्हिल अँड कीझ कॉलेजात काढली होती आणि तिथे क्रिकेट-फुटबॉलमध्ये नाव मिळवले होते. म्हणजे चेंबर्स आणि लॉज ज्या वातावरणात वाढले, त्याच वातावरणात हेही वाढले. इंग्लंडमध्ये धावणे कशाला म्हणतात, कोणती वेळ चांगली मानली जाते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

१९१९ मध्ये जिमखान्याच्या वार्षिक मैदानी स्पर्धांचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्यांनी जे पाहिले ते दहा वर्षांनी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना पत्राने कळवले. धावणारी मुले शेतकरी घरातली होती, दिवसभर शेतात राबणारी आणि साध्या अन्नावर वाढलेली. युरोपातले नियम त्यांना माहीत नव्हते, शास्त्रशुद्ध सराव काय असतो हे त्यांनी पाहिलेले नव्हते. स्पर्धेतली मुख्य शर्यत सुमारे २५ मैलांची, आणि ती ही माणसे कडक खडीच्या रस्त्यांवर अनवाणी धावत. तरीही पुढे आलेल्या धावपटूंच्या वेळा युरोपातल्या वेळांच्या तोडीच्या आहेत, असे दोराबजींना जाणवले.

इथे त्यांनी जे केले, त्यासाठी मराठी मुलुखाने त्यांचे ऋण मानावे. कौतुकाचे चार शब्द बोलून ते मुंबईला परतू शकले असते. त्याऐवजी त्यांनी स्पर्धेला आलेले मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्याकडे विषय काढला: ही मुले अँटवर्पच्या ऑलिंपिकला पाठवायची. लॉइड यांनी मनावर घेतले. हिंदुस्थानच्या संघाला उतरण्याची परवानगी १९२० च्या फेब्रुवारीत मिळाली. पुण्यात निवड चाचण्या झाल्या, निधी उभा राहिला, आणि त्यात दोराबजींनी आपल्या खिशातून मोठी भर घातली.

सहा जणांचा संघ गेला. बंगालचा पूर्मा बॅनर्जी, बेळगावचा फडेप्पा दरेप्पा चौगुले, साताऱ्याचा सदाशिव दातार आणि एच. डी. कैकाडी हे धावपटू. कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे पैलवान. रणधीर शिंदे कांस्यपदकाच्या लढतीपर्यंत पोहोचला. २२ ऑगस्ट १९२० रोजी मॅरेथॉन झाली. त्या वर्षीचे अंतर ४२.७५ किलोमीटर होते. ऑलिंपिकच्या इतिहासात त्याहून लांब मॅरेथॉन झालेली नाही. फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत जिंकला. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत एकोणिसावा आला.

एकोणिसावा क्रमांक कमी वाटत असेल तर चौगुलेच्या वाटचालीकडे पाहावे. ज्या माणसाला तोवर परदेशी मैदान माहीत नव्हते, त्याने समुद्रापलीकडच्या अपरिचित हवेत, नेहमीच्या शर्यतीपेक्षा दीडएक मैल जास्त धावून जगातल्या नामवंतांत ही जागा मिळवली. विजेत्यापेक्षा त्याला १८ मिनिटे जास्त लागली. आपल्याकडे पुढे अनेक दशके ऑलिंपिकच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींत जे घडले, त्याच्या तुलनेत ही सुरुवात खणखणीत होती.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जुन्या कलमाची धग अजून शिल्लक होती. मैदानी खेळांनी ते १८८० मध्ये सोडले, वल्हवण्याच्या खेळाने सोडले नव्हते. फिलाडेल्फियाच्या जॉन केली या वल्हेकऱ्याचा हेन्लीच्या शर्यतीसाठीचा अर्ज १९२० मध्ये फेटाळला गेला. त्याच्या क्लबवर आधीचा राग हे एक कारण होते. दुसरे कारण, तो हाताने काम करणारा होता. केली गवंडी होता. त्याच उन्हाळ्यात अँटवर्प ऑलिंपिकच्या एकेरी वल्हवण्यात त्याने इंग्लंडच्या जॅक बेरेस्फर्डला हरवून सुवर्णपदक घेतले. चौगुले ज्या ऑलिंपिकमध्ये धावला, तेच हे ऑलिंपिक. हेन्लीच्या नियमांतून हातकाम करणाऱ्यांवरची बंदी जायला १९३७ साल लागले.

पैशाची अट त्याहून चिवट निघाली. १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके जिंकणारा अमेरिकेचा जिम थॉर्प पूर्वी किरकोळ मानधनावर बेसबॉल खेळला होता, म्हणून त्याची पदके काढून घेतली गेली. त्याचे एकट्याचे विजेतेपद अधिकृतपणे परत यायला २०२२ साल उजाडले. आंतरराष्ट्रीय मैदानी खेळांच्या संस्थेने खेळाडूंच्या कमाईला वाट दिली ती १९८० च्या दशकात, आणि आपल्या नावातला ‘अमॅच्युअर’ हा शब्द २००१ मध्ये काढला. हौस हा शब्द सुंदर आहे, पण ज्याच्या घरी चूल पेटण्याची खात्री आहे त्यालाच ती परवडते, हे मान्य करायला खेळाला शतकाहून अधिक काळ लागला.

या सगळ्या वाटेचा आजचा टप्पा पाहायचा तर बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे समोर येतो. आईवडील वीटभट्टीवर राबणारे. अविनाशनेही मजुरी केली आणि मग सैन्यात महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. त्याची शर्यत ३००० मीटर स्टीपलचेस. लाकडी अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याचा हा प्रकार ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांच्या शर्यतींतून पुढे आला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत, इंग्लंडमधल्याच बर्मिंगहॅममध्ये, अविनाशने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक जिंकले. सुवर्ण ०.०५ सेकंदाने हुकले. १९९८ पासून या शर्यतीतली सगळी राष्ट्रकुल पदके केनियाच्या धावपटूंनीच नेली होती. ती साखळी वीटभट्टीवरच्या पोराने तोडली. पुढे जुलै २०२४ मध्ये पॅरिसला त्याने ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला.

वॉल्टर जॉर्ज, चौगुले आणि साबळे यांच्या गोष्टी शेजारी ठेवल्या की एक बाब लक्षात येते. नियम खुला झाल्याने वाट मोकळी होते, पण धावायला त्याखेरीज वेळ लागतो, पोटभर अन्न लागते, वेळ मोजणारा माणूस लागतो आणि प्रवासखर्च लागतो. जॉर्जकडे वेळ नव्हता, म्हणून त्याने दोन रेषांवर सराव केला. चौगुलेच्या प्रवासामागे दोराबजींची थैली होती. साबळेला सैन्याने पगार दिला, प्रशिक्षक दिला आणि सरावाचे तास दिले.

इंदूरला अशी सोय करणे अवघड नाही. सांवेर रोडच्या कारखान्यांनी मिळून वर्षातून एक रविवार ठरवावा आणि कामगारांसाठी खुल्या मैदानी स्पर्धा घ्याव्यात. १०० मीटर, ८०० मीटर, ५००० मीटर, लांब उडी आणि गोळाफेक, पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठी. अंतरे पट्टीने मोजावीत, दोन माणसांनी घड्याळ धरावे आणि निकाल कामगाराच्या नावानिशी लिहून ठेवावेत, म्हणजे पुढच्या वर्षी त्याला स्वतःची वेळ माहीत असेल. जो पुढे येईल त्याला आठवड्यातून तीन दिवस सरावापुरती पाळी बदलून द्यावी आणि जिल्हा स्पर्धेचे भाडे कारखान्याने भरावे. १९१९ मध्ये पुण्यात एका अध्यक्षाने अनवाणी धावणाऱ्यांच्या वेळा नीट पाहिल्या आणि वर्षभरात बेळगावचा चौगुले अँटवर्पला पोहोचला. इंदूरमध्ये तशी नजर ठेवणारी माणसे मिळाली तर फिटर आणि वेल्डर यांच्यातले धावपटू कळायला एकदोन वर्षेही पुरतील.